मेडिकल स्कूलच्या निबंधात लेकीनं ढोल लिहावा की आजी?

पत्र

नमस्कार डॉक्टर,

आम्ही 18 वर्षांपूर्वी न्यू जर्सीत आलो तेव्हा लेक चार वर्षांची होती. यंदा ती मेडिकल स्कूलसाठी अर्ज करतेय. सगळ्या कॉलेजांसाठीचा एकच प्रायमरी अर्ज जूनमध्ये गेला, आता एकेका कॉलेजच्या सेकंडरी, म्हणजे त्यांचे स्वतःचे जादा प्रश्न, यायला लागल्यात. जवळपास प्रत्येकीत एक प्रश्न आहेच: तुमची पार्श्वभूमी काय, तुमचे अनुभव काय, आमच्या वर्गात तुम्ही वेगळं काय आणाल? लेक म्हणते, "आई-बाबा आयटीत, घर सबर्बात, माझ्याकडे लिहिण्यासारखं काहीच नाही." मी म्हणते ढोल-ताशा पथकावर लिही, शाळेपासून वाजवतेस. तिचे बाबा म्हणतात आमच्यावर लिही, आम्ही दोन बॅगा घेऊन आलो, एच-वन या नोकरीच्या व्हिसावरची वर्षं जीव मुठीत धरून काढली. शिवाय डिसेंबरात तिला दोन आठवडे मेळघाटातल्या एखाद्या दवाखान्यात पाठवावं, असंही त्यांच्या मनात आहे. मैत्रिणी म्हणतात, "तुम्ही एशियन, तुम्हाला त्या निबंधाचा काही उपयोग नाही, काहीतरी लिहून टाका." गावच्या फर्स्ट एड स्क्वॉडमध्ये ती ईएमटी आहे, म्हणजे रुग्णवाहिकेवर प्रथमोपचार देते, पण ते प्रायमरीत येऊन गेलंय. घरी माझ्या सासूबाईंचं सगळं तीच बघते (त्या तिच्याशिवाय कुणाच्या हातून इन्सुलिन घेत नाहीत आणि दर संकष्टीला दोघींची जुंपते), त्यामुळे वेळही पुरत नाही. विषय कोणता घ्यावा? आणि जिथे हा निबंध ऐच्छिक आहे तिथे लिहावा की सोडून द्यावा?

– एक आई, न्यू जर्सी

उत्तर

नमस्कार,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही कंसात घातलंय. लेकीला वेळ का पुरत नाही, याचं कारण सांगताना ते आलं आणि तुम्ही लगेच पुढच्या प्रश्नाकडे वळलात. माझी नजर मात्र तिथेच अडकली. तिच्याकडे विषय आहे आणि चांगला आहे. पण त्याआधी हा प्रश्न विचारतात कशासाठी ते सांगते, कारण तुमच्या घरात प्रत्येकानं त्याचा वेगळा अर्थ लावलाय.

या प्रश्नाला डायव्हर्सिटीचा निबंध म्हणतात. डायव्हर्सिटी म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर फॉर्मवरचे वंशाचे रकाने येतात. अमेरिकेतल्या प्रवेशांमध्ये ही कल्पना रुजली ती एका मेडिकल स्कूलच्याच खटल्यातून. डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मेडिकल स्कूलनं 100 पैकी 16 जागा अल्पसंख्याकांसाठी वेगळ्या ठेवल्या होत्या. दोनदा नकार मिळालेला ॲलन बॅकी हा गोरा अर्जदार कोर्टात गेला. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या राखीव जागा रद्द केल्या, पण न्यायमूर्ती पॉवेल यांनी एक वाट मोकळी ठेवली: वर्गात निरनिराळ्या अनुभवांची मुलं असणं सगळ्यांच्याच शिक्षणाच्या हिताचं आहे, म्हणून इतर अनेक गोष्टींबरोबर वंशही विचारात घेता येईल. नमुना म्हणून त्यांनी हार्वर्डची पद्धत पुढे ठेवली. त्यात आयडाहोच्या शेतातून आलेल्या मुलाचं उदाहरण आहे. बॉस्टनच्या मुलाजवळ नसलेलं काहीतरी तो घेऊन येतो. मला हे उदाहरण फार आवडतं, कारण त्या मुलाचा रंग तिथे महत्त्वाचा नाही, त्यानं काय पाहिलंय आणि त्याला काय करता येतं हे महत्त्वाचं आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या 29 जून 2023 च्या निकालानं प्रवेशात वंशाला वजन देणं थांबवलं. त्याच निकालात सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी हेही लिहिलं, की वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदारानं स्वतः मांडलं तर ते विचारात घ्यायला बंदी नाही. मात्र ते त्या मुलाच्या अंगच्या गुणांशी किंवा कुवतीशी जोडलेलं हवं, आणि त्याच्याकडे पाहायचं ते एक व्यक्ती म्हणून, त्याच्या अनुभवांवरून. त्यानंतर बऱ्याच कॉलेजांनी प्रश्नाचे शब्द बदलले. कुठे "आयुष्यात आलेले अनुभव" म्हणतात, कुठे "आमच्या समुदायाला तुमचं योगदान", कुठे "तुमच्याहून वेगळ्या माणसांबरोबर केलेलं काम". गाभा तोच राहिला.

म्हणून तुमच्या मैत्रिणींचं म्हणणं मला पटत नाही. मेडिकलच्या पहिल्या वर्षात येणाऱ्या मुलांमध्ये एशियन मुलं पाचात एकाहून जास्त असतात, हे खरं. "मी भारतीय वंशाची आहे" एवढ्यावर कुणी मान वर करून पाहणार नाही, हेही खरं. पण दर वर्षी 50 हजारांहून जास्त मुलं अर्ज करतात आणि जागा त्याच्या निम्म्याहूनही कमी असतात. त्यात सेकंडरीचे निबंध ही अर्जदाराला माणूस म्हणून ओळखण्याची मोठी संधी असते. काहीतरी लिहून टाकलेला निबंध दोन ओळींत ओळखू येतो. मी काही वर्षं असे अर्ज वाचण्याचं काम केलंय. संध्याकाळी एकामागून एक फाइल उघडताना भारतीय मुलांच्या अर्जांत डब्यातल्या भाजीच्या वासाला वर्गातली मुलं कशी हसली, हा निबंध इतक्यांदा येतो की वाईट वाटतं. त्या मुलांना ते लागलेलं असतं, खोटं नसतं ते. पण चौथीतल्या त्या दुपारनंतर त्यांनी काय केलं, हे बहुतेक निबंधांत येतच नाही. "मी दोन संस्कृतींमधला दुवा आहे" असं म्हणून निबंध संपतो आणि तो दुवा कुणाच्या कामी आला ते कळत नाही.

आता घरातल्या सूचना एकेक करून पाहू.

तिच्या बाबांची धडपड मी मानते, मीही त्याच रस्त्यानं आलेय. पण दोन बॅगांची गोष्ट त्यांची आहे. मुलीनं ती लिहिली की वाचणाऱ्याच्या मनात बाबांबद्दल आदर दाटून येतो आणि प्रवेश मागणारी मुलगी मागेच राहते. याला एक अपवाद आहे. तुम्हाला ग्रीन कार्ड कधी मिळालं ते तुम्ही लिहिलेलं नाही. लेक मोठी होईपर्यंत एच-फोरवर, म्हणजे मुलांना एकवीसपर्यंतच मिळणाऱ्या अवलंबितांच्या व्हिसावर, राहिली असेल, एकवीस पूर्ण झाल्यावर आपलं काय होणार ही भीती तिनं स्वतः जगली असेल, ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व नसणाऱ्यांना कित्येक मेडिकल कॉलेजं घेतच नाहीत म्हणून तिचे सगळे बेत टांगणीला लागले असतील, तर ती गोष्ट तिचीही आहे. मग तिनं ती जरूर लिहावी, फक्त आपल्या बाजूनं.

मेळघाटाबद्दल मी स्पष्टच सांगते: निबंधासाठी तिला तिथे पाठवू नका. तारखाच जुळत नाहीत. सेकंडरी आल्यापासून साधारण दोन आठवड्यांत पाठवायची असते, डिसेंबर उजाडेपर्यंत मुलाखतीही बऱ्याच उरकलेल्या असतात. पण वेळ असता तरी मी नकोच म्हटलं असतं. मेळघाटातल्या माणसांची भाषा कोरकू, तिला ती येत नाही. दवाखान्यात आधीच गर्दी, त्यात ही दोन आठवडे कडेला उभी राहणार आणि परत येऊन तिथल्या बाळांच्या कुपोषणावर स्वतःबद्दलचा निबंध लिहिणार. वाचणाऱ्या डॉक्टरांना हे खटकतं. प्रशिक्षण नसताना परदेशी दवाखान्यात टाके घातले, इंजेक्शनं दिली असं मुलं अभिमानानं लिहितात, ते तर अर्जाला सरळ मारक ठरतं. पुढे डॉक्टर झाल्यावर तिला मनापासून मेळघाटात जावंसं वाटलं, तर सहा महिने काढून, भाषा शिकून जाऊ दे. तेव्हा मला कळवा, मला फार आनंद होईल.

ढोल हा वाईट विषय नाही. पण इतकी वर्षं वाजवतेय हे कार्यक्रमांच्या यादीतही लिहिता येतं. निबंधाला आणखी काही लागतं. पथकात नवीन आलेल्या अमेरिकन मुलाला ताल कुणी शिकवला? मिरवणुकीच्या आवाजावरून शेजाऱ्यांची तक्रार आली तेव्हा टाउनशिपच्या माणसाशी बोलायला कोण गेलं? ताशाच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या लहान पोरांच्या कानात बोळे घालायचा आग्रह कुणी धरला? यातल्या एकाचं जरी उत्तर "आमच्या लेकीनं" असेल तर ढोलावरही चांगला निबंध होईल. नसेल, तर ढोल तिच्या आनंदासाठी राहू दे.

आता सासूबाई.

त्या नातीशिवाय कुणाच्या हातून इन्सुलिन घेत नाहीत आणि संकष्टीला दोघींची जुंपते, एवढंच तुम्ही सांगितलंत. बाकीचं माझं मी कल्पनेनं भरतेय, कारण मधुमेह असलेल्या आपल्याकडच्या आज्या मी रोज पाहते. संकष्टीला आजी चंद्र दिसेपर्यंत जेवत नाहीत. कालनिर्णयमधल्या चंद्रोदयाच्या वेळा भारतातल्या गावांच्या, म्हणून न्यू जर्सीची वेळ कुणीतरी फोनवर बघून सांगतं, आणि उन्हाळ्यात ती रात्री दहाच्याही पुढे जाऊ शकते. जेवणाआधीचं इन्सुलिन घ्यायचं आणि जेवायचं नाही म्हणजे साखर 70 च्या खाली घसरायची भीती. त्यात उपास म्हणजे निराहार असंही नाही. दुपारी साबुदाण्याची खिचडी, मग एखादं रताळं, म्हणजे निव्वळ स्टार्च. साखर आधी वर चढते, मग घसरते. आजी हे डॉक्टरांना सांगत नाहीत, कारण डॉक्टर उपास बंद करा म्हणतील. डॉक्टरही विचारत नाहीत, कारण उपास म्हटलं की काहीच खाल्लं नाही असं त्यांना वाटतं. वर आजींच्या कागदांवर "रुग्ण सूचना पाळत नाही" असा शेरा पडतो.

या दोघांच्या मध्ये तुमची लेक उभी आहे. ती तिथे काय करते, तेच मला ऐकायचंय. ती आजीशी भांडते ते कशावरून? उपास सोड म्हणून की खिचडीऐवजी दुसरं काही खा म्हणून? संकष्टीच्या दिवशी किती इन्सुलिन द्यायचं हे तिनं डॉक्टरांना विचारून घेतलंय का? विचारताना आजीचं गुपित फुटलं, तेव्हा आजी रागावल्या का? मग पुन्हा त्यांचा विश्वास कसा मिळवला? आणि स्क्वॉडच्या गाडीतून एखाद्या अनोळखी म्हाताऱ्या माणसाकडे जाते, त्याची साखर घसरलेली असते, तेव्हा ती इतरांहून वेगळं काही विचारते का? आज काय खाल्लंत, का नाही खाल्लंत, आज काही पाळायचा दिवस आहे का?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हो असेल तर निबंध तिथेच सापडला. बऱ्याच कॉलेजांत पहिल्या वर्षापासूनच मेडिकलची मुलं सात-आठच्या गटात एकेका रुग्णाची केस घेऊन बसतात. कागदावर फक्त साखरेचे आकडे असतात, कधी वर, कधी खाली. एक जण म्हणेल औषध विसरत असणार, दुसरा म्हणेल डोस चुकलाय. त्या टेबलाशी "ही बाई उपास करते का ते विचारलंय का कुणी?" असं म्हणणारी एक मुलगी हवी असते. रमजानच्या रोज्यांसाठी मधुमेहतज्ज्ञांनी तपशीलवार मार्गदर्शक सूचना तयार केल्यात, औषधं कधी आणि किती, कुणी रोजे ठेवू नयेत, सगळं. आपल्या चतुर्थी-एकादश्यांचं बहुतेक डॉक्टरांच्या गावीही नसतं. तुमची लेक हे ज्ञान घरात शिकली आणि ते मुसलमान, ज्यू, ख्रिश्चन, कुणाही उपास करणाऱ्या रुग्णाच्या उपयोगी पडेल. ती वर्गात काय आणेल, याचं उत्तर इतकं सरळ आहे. आणि हीच मुलगी "माझ्याकडे लिहिण्यासारखं काही नाही" म्हणतेय! रोज सकाळी नाश्त्याआधी करायचं काम कुणाला विषय वाटत नाही, त्यामुळे मला त्याचं नवल वाटत नाही.

लिहिताना काही गोष्टी तिला जरूर सांगा.

आधी प्रायमरीतला मोठा निबंध पुन्हा वाचायचा. त्याला 5300 अक्षरांची मर्यादा असते आणि त्यात आजी आधीच येऊन गेल्या असतील, तर इथे त्याच प्रसंगाची उजळणी नको. दोन्ही कागद एकाच माणसापुढे उघडे असतात. त्याच कॉलेजच्या "आयुष्यातलं आव्हान" या प्रश्नालाही आजीच वापरल्या तर आणखी वाईट. एका कॉलेजसाठी एक अनुभव एकदाच.

जागा फार कमी असते. कुठे 1000 अक्षरं, कुठे दोन-तीनशे शब्द. त्यात महाराष्ट्राची ओळख, गणपतीचं महत्त्व, चतुर्थीची कथा यांत अर्धी जागा जायला नको. उपास म्हणजे काय ते एका वाक्यात सांगून पुढे जायचं. सुरुवात एखाद्या खऱ्या दिवसापासून करावी. म्हणजे असं काहीसं (इंग्रजीत ती तिच्या पद्धतीनं लिहील): "दुपारी चार वाजता आजीची साखर 64 होती आणि चंद्र उगवायला अजून सहा तास होते. ती रस घ्यायला तयार नव्हती." आकडा अर्थात तिचा खरा असायला हवा. मग तिनं काय केलं, त्यात काय फसलं, पुढच्या महिन्यात काय बदललं. शेवटच्या तीन-चार वाक्यांत यातून ती रुग्णांना काय विचारायला शिकली आणि वर्गमित्रांच्या ते कसं उपयोगी पडेल. मुलाखतीत याच निबंधावरून प्रश्न येतात, तेव्हा तिला सहज बोलता येईल एवढंच कागदावर असावं.

निबंध आजींचा व्हायला नको. प्रेमळ, हट्टी, गोड आजी लिहायला सोपी जाते आणि वाचणाऱ्याला आजीच लक्षात राहते. शिवाय त्यांचा आजार हा त्यांचा खाजगी मामला आहे. लेकीनं त्यांच्याजवळ बसून, मी हे लिहितेय, चालेल का, असं विचारावं. त्या नाही म्हणाल्या तर विषय बदलायचा. स्क्वॉडमधल्या रुग्णाचा उल्लेख आला तर गाव, वय, तारीख, ओळख पटेल असं काहीही नको.

असंच विचारणारी आणखी काही पत्रं माझ्याकडे आहेत, त्यांनाही इथेच दोन शब्द. एका वाचकाचे आजोबा गावकुसाबाहेरच्या वस्तीतून शिकून वर आले आणि जातीबद्दल इथल्या निबंधात लिहावं का, असं तो विचारतो. लिही. आजोबांचं दोन वाक्यांत सांग, आणि बाकीचं तुझ्यापर्यंत त्यातलं काय आलं याबद्दल: इथल्या मराठी घरांमध्ये आडनाव विचारलं गेल्यावर तू काय अनुभवलंस आणि त्यामुळे समोरच्या माणसाशी कसा वागायला लागलास. वाचणाऱ्याला जातव्यवस्था माहीत असेलच असं नाही, म्हणून एक वाक्य स्पष्टीकरणाला ठेव. दुसऱ्या मुलीला बोलताना अडखळायला होतं. तिनं तर अजिबात मागे-पुढे पाहू नये. वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबणारी माणसं कोण आणि मध्येच तोडणारी कोण, हे तिच्याइतकं वर्गात कुणाला कळत असेल?

आता तुमच्याबद्दल. तुम्ही विषय सुचवताय, तिचे बाबा सुचवताहेत आणि ती दोघांनाही मान डोलावत असेल. या आठवड्यात तिला काही सुचवू नका. स्वयंपाकघरात काम करता करता तिला एवढंच विचारा, की गेल्या संकष्टीला नेमकं काय झालं होतं. ती सांगेल ते मध्ये न बोलता ऐका, फोनवर रेकॉर्ड करा आणि तिला पाठवा. तिच्या निबंधाचा पहिला कच्चा खर्डा तोच. पुढचं लिखाण तिचं तिनं करायचं. अर्ज पाठवताना हे लेखन माझं स्वतःचं आहे असं तिला लेखी मान्य करावं लागतं. कुणाकडून तपासून घ्यायला, एआयकडून व्याकरण बघून घ्यायला हरकत नसते, पण दुसऱ्यानं रंगवलेला निबंध मुलाखतीत उघडा पडतो. एक खर्डा स्क्वॉडमधल्या एखाद्या सहकाऱ्याला वाचायला द्या, आपल्या मंडळातल्या कुणाला नको. उपास माहीत नसलेल्या माणसाला तो समजला, की झालं.

ऐच्छिक निबंधाचं विचारलंत. तिच्यासारखं सांगण्याजोगं काही असेल तर ऐच्छिकही लिहावा. मुख्य निबंध तयार झाला की तोच कमी-जास्त करून दहा-बारा कॉलेजांना चालतो, फक्त प्रत्येक वेळी प्रश्न नीट वाचायचा. काही ठिकाणी मात्र सुरुवातीलाच लिहिलेलं असतं, की अर्जात दुसरीकडे न आलेलं असेल तरच इथे लिहा. तिथे आजी आधीच्या प्रश्नात आल्या असतील तर रकाना कोरा ठेवा. कोऱ्या रकान्याचे गुण कापत नाहीत, त्याच गोष्टीची पुनरावृत्ती मात्र खटकते. सेकंडरी ज्या क्रमानं आल्या त्याच क्रमानं पाठवत जा. शक्य असेल तर सगळ्यात आवडतं कॉलेज पहिलं न घेता तिसरं-चौथं घ्या, तोवर निबंध घोटून झालेला असतो. पुढची संकष्टी पंचांगात बघून ठेवा, त्या दिवशी तिला लिहायला बसवू नका.